आत्याने कुंपण जाळलं तेव्हा

वणव्याचा धूर दुधाला लागतो, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी नुकतीच मोकळी झाले होते, जगातलं बरंच काही आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत होती, आणि आत्याच्या घरी पहिल्याच सकाळी चहाचा घोट घेतला तर तोंडात चुलीतली राख गेल्यासारखं झालं. मी तोंड वाकडं केलं. आत्याने ते पाहिलं.

"पी गुमान," ती म्हणाली. "सारा डोंगर जळून राह्यला, अन् तुले चहा चांगला पायजे काय व?"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वरूडच्या पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी तिचं गाव. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. हायस्कुलाच्या उन्हाळी सुट्टीचा हुकूमसुद्धा नागपूरहून यायचा, आणि तो आला की दुसऱ्या दिवशी बाबा ट्रंक बांधायला घ्यायचे. त्या वर्षी आई भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेली होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. वरूडपर्यंत मोटार, तिथून पुढे आत्याने पाठवलेली दमणी. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. तिच्यात बसून माणूस पोचतो लवकर, पण पोचल्यावर दोन दिवस कंबर धरून चालतो. वाटेतच डोंगराच्या खांद्यावर धूर दिसायला लागला. मी ट्रंक घट्ट धरून बसले. बाबा मात्र खुशीत आले.

बाबा अमरावतीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. जगातलं कुठलंही संकट म्हणजे त्यांना एक तास घ्यायची संधी वाटे. आमच्या घराला आग लागली असती, तर बाहेर पळण्याआधी त्यांनी आम्हाला ज्योतीचे भाग सांगितले असते. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही. आता या वयात राग गेला आहे, न करमणं तेवढं राहिलं आहे.

गावात सकाळी धूर नुसता बसून असायचा. समोरच्या घरचं तुळशीवृंदावन दिसायचं नाही. डोळे चुरचुरायचे, आत्याला खोकल्याची उबळ यायची, आणि त्या खोकल्यावरच बाबांचा पहिला तास सुरू झाला. "थंड हवा जड," ते म्हणाले. "ती डोंगरावरून खाली उतरते आणि इथे साचते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण. मग धूर जाणार कुठे? दुपारी जमीन तापली की झाकण उघडतं, धूर वर निघून जातो. म्हणून सकाळी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, दुपारी उघडायच्या."

आता वऱ्हाडातल्या वैशाखात दुपारी दार उघडा म्हणणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाही तर त्याला ऊन लागलेलं असतं. आमच्याकडे सगळं उलट. पहाटे सगळी दारं सताड उघडायची, आणि दहा वाजले की फटीसुद्धा चिंध्या कोंबून बुजवायच्या. आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दुपारी दारं उघडू? मले भाजून खातं काय, मास्तर?"

ती बाबांना मास्तर म्हणायची. भावावर माया आली तरी मास्तर, भावाची चीड आली तरी मास्तर.

बरीच हुज्जत झाली. शेवटी सकाळी दारं बंद, आणि दुपारी एकच दार उघडं, त्यावर ओलं गोणपाट टांगलेलं, असा तह झाला. गंमत म्हणजे त्याने आत्याचा खोकला खरंच कमी झाला. ते तिने बाबांना मुळीच कळू दिलं नाही. मला मात्र बजावलं, "गोणपाट वाळू देऊ नोको."

धुराने बाकीही पुष्कळ गमती केल्या. गावातल्या बायकांनी खाटांवर घातलेल्या कुरडयांवर काळे ठिपके पडले. धुतलेलं लुगडं नेसलं की आपणच चुलीतून निघाल्यासारखा वास यायचा. संध्याकाळी सूर्य असा तांबडाभडक आणि थंड दिसायचा की डोळे न दिपता त्याच्याकडे टक लावून बघता यावं. गावातली म्हातारी माणसं त्याला हात जोडायची. बाबा त्यांना थांबवून सांगायचे की धुराचे बारीक कण निळा उजेड वाटेतच उधळून टाकतात, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत येतो. म्हातारे सगळं नीट ऐकून घ्यायचे, "हव ना मास्तर," म्हणायचे आणि परत हात जोडायचे.

पण ज्यासाठी ही सगळी आठवण मी लिहायला बसले, ती गोष्ट म्हणजे आत्याची बाग.

आमचे मामा, म्हणजे आत्याचे यजमान, यांनी गावाबाहेर डोंगराच्या बाजूला संत्र्याची कलमं लावली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. मूलबाळ नव्हतं. आत्याच्या धाकट्या दिरांचं वावर बागेला लागूनच. त्यांनी चार माणसांत बोलून ठेवलं की वहिनींना बाग करायचीच असेल तर करू द्या, सहाव्या वर्षी बहार धरला तर जमीन त्यांच्या नावे राहील. नाही धरला तर वावर आमच्याकडे, आणि वहिनी आपल्या भावाकडे अमरावतीला. आत्याने तेव्हा मान हलवली होती. हे ते सहावं वर्ष होतं.

भावाकडे म्हणजे आमच्याकडे. ती आमच्याकडे आली असती तर बाबांनी तिला तळहातावर ठेवलं असतं, आईनेही काही कमी पडू दिलं नसतं. पण मला ते चित्र बघवायचं नाही. तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात, आईच्या चुलीपाशी, "काही निवडायचं आहे का ग?" असं विचारत बसलेली आत्या. जी बाई ढेकळांतून अनवाणी चालत गड्याला हाक मारायची तर पलीकडच्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, माणसं ओ द्यायची, ती तिथे वर्षभरात संपली असती. हे बाबांनाही ठाऊक होतं. म्हणूनच ते त्या वर्षी इतके नियम सांगत सुटले होते.

आम्ही पोचल्यावर मी धावतच बाग बघायला गेले आणि रडायच्या बेतात आले. झाडं मरायला टेकली होती. पानं वळलेली, पिवळी पडलेली, अर्धी गळून गेलेली. खालची जमीन वखरून अशी साफ केलेली की गवताची काडी नाही. शेजारी विहीर, विहिरीत पाणी, आणि झाडं तहानेने व्याकूळ.

"आत्या, अगं पाणी घाल ना यांना!"

आत्या हसली. तिच्याबरोबर तिचा सालदार होता, वर्षाच्या कराराने राहिलेला म्हातारा गडी, मूळचा डोंगरातला. तोही हसला. आत्याने मला झाडापाशी नेलं. "याले ताण म्हन्तात. दीड महिना झाला, एक थेंब नाई देल्ला. झाड असं कासावीस झालं पायजे. मंग मृग लागला, का पाणी सोडाचं. तवा ते सारं बळ फुलात टाकते. आताच पाणी देल्लं तं निरी पानं फुटतीन, नाई तं भर उन्हात फुलं येऊन गळून जातीन. मंग मृगाले काय देईन ते? ठेंगा."

"पण मेलं तर?"

"मरत नाई," ती म्हणाली. झाडाच्या खोडावर तिने हात ठेवला होता. "मले ठाऊक हाय ना, कितीक सोसते ते."

बागेभोवती कुंपण होतं. आमच्याकडे सगळीकडे असतं तसंच: बाभळीची वाळलेली काटी, तिच्या फटींत पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडं, खोचून बसवलेल्या. डोंगरातून रोही उतरत, ती गाईएवढाली निळसर जनावरं, एका फेरीत ओळच्या ओळ ओरबाडून जाणारी. त्यांच्या भीतीने आत्या दर वर्षी कुंपण वाढवायची. सहा वर्षांत ते माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. बाबांनी आल्या आल्या कुंपणाबाहेरचं गवत कापून चांगला दहा हातांचा पट्टा साफ करवला. "आग पट्ट्यापाशी थांबेल, तिला खायलाच काही राहणार नाही," हे त्यांचं म्हणणं. बरोबरच होतं. आणि कापलेलं ते सगळं वाळकं गवत, वाया कशाला घालवायचं म्हणून, तिसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून कुंपणातच कोंबलं. रोह्यांना आता डोकं घालायलासुद्धा जागा नाही, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. सालदार त्या दिवशी बाजाराला गेला होता, नाही तर त्याने आमची शोभा तेव्हाच केली असती.

चौथ्या दिवशी दुपारी वारा फिरला. इतके दिवस धूर डोंगरावरून लांब जाताना दिसायचा, तो एकदम आमच्याकडे वाकला. शेवटच्या टेकडीच्या माथ्यावर आगीची ओळ दिसायला लागली. गावातली माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन उताराकडे निघाली. आत्याने नऊवारीचा काचा वर खोचला, पदर भिजवून नाकाला बांधला आणि सालदाराबरोबर तीही निघाली. जाताना सालदाराने मला आणि बाबांना समोर उभं केलं.

"गुरं सोडून द्या अन् नांगरलेल्या वावरात न्या. बांधू नोका. काळ्या ढेकलात आग येत नाई, तुमी बी तथीच उभे राहा. अन् मास्तर, चढाकडं पयू नोका. आग चढाले पयते, उताराले हळू येते. अडकलेच, तं जिथं जळून गेलं तथी जाऊन उभं राहाचं. जळलेलं पुन्हा जळत नाई."

बाबा म्हणाले, "हे मी वर्गात सांगायला हवं." सालदार म्हणाला, "सांगा ना. पन नाव माहं सांगजा. आग कोनी बी लावो, नाव मातर आमा डोंगरातल्याचंच येते. एखांद्या बारीनं चांगल्याले येऊ द्या."

ते गेले. मी गाय, वासरू आणि कालवडी नांगरलेल्या वावरात सोडून आले. परत येऊन बघते तर बाबा बैलजोडी मोटेला जुंपत होते.

"काय करताय बाबा?"

"बाग भिजवायची. ओल्या जमिनीवर ठिणगी पडली तरी विझते. साधं विज्ञान आहे."

इथे मला लिहून टाकता आलं असतं की मी बाबांना अडवलं, ताणाची आठवण दिली. तसं काही झालं नाही. मला आठवण होती. पण टेकडीवरची ओळ रुंद होत चालली होती, हवेत पानांची काळी कात्रणं उडत होती, आणि मला वाटलं, बागच जळून गेली तर कसला ताण आणि कसला मृग! शिवाय बाबा सांगत होते. मी आयुष्यभर बाबांशी भांडले, नेमकी त्याच दिवशी भांडले नाही.

बैलांपुढे बाबांचं काही चालेना. "चला, पुढे व्हा बरं," असं शुद्ध मराठीत त्यांनी सांगून पाहिलं, छत्रीच्या दांड्याने टोचून पाहिलं. बैल रवंथ करत त्यांच्याकडे बघत राहिले. शेवटी मी कासरा ओढून घेतला आणि सालदार द्यायचा तशी एक शिवी हासडली. बैल मोटेच्या उतारावरून, धावेवरून, खाली निघाले. बाबा माझ्याकडे बघतच राहिले, पण शिवीबद्दल बोलायला वेळ नव्हता. मोट भरून वर आली, पाटात पाणी पडलं, आणि बाबांनी फावड्याने पाटाच्या बांधाचं तोंड, म्हणजे दारं, फोडून ते बागेत सोडलं. तहानलेली जमीन ते पाणी पिताना आवाज करत होती. मला तो आवाज फार आवडला. दोन ओळी भिजल्या. तिसरीचं दारं फोडायला बाबा वाकले, आणि मागून आत्याची हाक आली.

ती हाक मी पुन्हा कधी ऐकली नाही. काही शब्दच नव्हते तिच्यात. मोट चालू दिसली म्हणून ती उतारावरून पळत आली, बाबांच्या हातातलं फावडं हिसकावलं आणि चार फावडी माती टाकून पाणी बंद केलं. तोंडावर काजळी, त्यातून घामाचे ओघळ. मग तिने दोन्ही ओळींकडे पाहिलं, आणि तिथेच पाटाच्या कडेला मटकन खाली बसली.

"मास्तर," ती अगदी हळू म्हणाली, "हे काय केलं रे बापा?"

तिने ओरडायला हवं होतं. ती ओरडली असती तर बाबांनी विज्ञान सांगितलं असतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि शाळेतल्या चुकलेल्या पोरासारखे उभे राहिले. मला स्वतःची इतकी चीड आली की मी बैलांचा कासरा स्वतःच्याच हातावर मारून घेतला.

मागोमाग सालदार आला. त्याने ओल्या ओळींवरून नुसती नजर फिरवली. तो कुंपण बघत होता. कोंबलेलं गवत त्याने चिमटीत धरून ओढलं. "हे कोनी भरलं?"

"आम्ही," मी म्हणाले.

"बाप्पा बाप्पा!" त्याने कपाळावर हात मारून घेतला. "बाई, बागेत जळाले हाय काय? ढेकलं? आपुन सारं वखरून साफ केलं. पाणी नाई देल्लं तरी अथी आग येतच नव्हती. तिले यायची वाट निरी एकच हाय, अन् ते आपुनच बांधली. हे कुंपण. एक ठिणगी अथी पडली तं साऱ्या बागेले चहूकडून घेरते ते."

सहा वर्षांचं ते कुंपण. आत्याने एकेक काटी स्वतः ओढून आणलेली. तिच्या तळहातांवर बाभळीच्या काट्यांचे काळे ठिपके कायमचे राहून गेले होते. कुंपण गेलं तर उद्या रोही येणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. सोडवून दूर ओढायला वेळ नव्हता. टेकडीच्या उतारावर माणसं मागे सरकताना दिसत होती.

आत्या उठली. तिने आधी वाऱ्याकडे पाहिलं. दिवस कलला होता, आणि त्या वेळेला वारा घटकाभर पडतो, हे तिथल्या सगळ्यांना माहीत असतं. "वारा पडू दे," ती सालदाराला म्हणाली. "मंग डोंगराकडचं आपनच जाळू. आगीले पोचाच्या आधी."

आम्ही तयारी केली. डोंगराकडच्या बाजूच्या पहिल्या ओळीतल्या झाडांवर ओली गोणपाटं टाकली, फक्त पानांवर, जमिनीवर थेंबही पडू न देता. हे आत्या दर झाडापाशी उभी राहून बघत होती. उरलेल्या तीन बाजूंच्या कुंपणाला कोपऱ्यांवर तोडून मोठ्या फटी केल्या. मग सगळे डहाळ्या घेऊन आतल्या बाजूला एका रांगेत उभे राहिलो, बाबासुद्धा. वारा पडला. धूर सरळ उभा राहिला. आत्याने पेटलेली पऱ्हाटी हातात घेतली. तिने कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, गवत कोंबलं होतं नेमकं तिथे, ती पऱ्हाटी लावली.

इतक्या वेगाने काही जळताना मी पाहिलेलं नाही. आमच्या भुवया होरपळल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळ गेला तो धावत्या बैलगाडीच्या वेगाने. पडणाऱ्या ठिणग्या आम्ही डहाळ्यांनी बडवत होतो, बाबा त्यांच्या टोपीने बडवत होते. पहिल्या ओळीतली पाच-सहा झाडं एका अंगाने भाजली. मग कुंपण जळून खाली बसलं, नुसता निखाऱ्यांचा पट्टा उरला. थोड्या वेळाने डोंगराची आग उतरून आली ती आधी कापलेल्या पट्ट्यापाशी घुटमळली, ठिणग्या उडाल्या त्या राखेत पडल्या, आणि ती तशीच बाजूने घसरत नाल्याकडे गेली. नाल्यात वाळू होती. तिथे ती मेली.

"गेली," सालदार म्हणाला. आत्या त्यावर खो खो हसायला लागली. बाबांच्या अर्ध्या जळलेल्या मिशीकडे बोट दाखवून ती हसत होती, आणि मग आम्ही सगळेच हसलो. भीती निघून गेली की माणूस कशालाही हसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं काळी होती. प्रत्येक पानावर काजळीचा थर. बाबा म्हणाले, पान या थराखाली श्वास घेऊ शकणार नाही, आणि लगेच त्यांनी जीभ चावली; काल सांगितलेलं विज्ञान आठवलं असणार. आत्याने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "मंग पुसू," ती म्हणाली. "ओल्या फडक्यानं. फडकं पिळून घ्याचं, थेंब खाली नाई पडला पायजे. एखांदी गोष्ट तं कामाची बोलला, मास्तर."

पानं पुसायची! ही बातमी गावात गेली, आणि आधी बायका बघायला आल्या, तोंडाला पदर लावून हसल्या, मग एकेक करत फडकी घेऊन बसल्या. दोनशे झाडं. कुणी झाडाला दटावत होती, "हालू नोको बे, कान पुसू दे." कुणी आत्याला विचारत होती, उद्या काजळ-तीट लावायची काय. बाबांना एका म्हातारीने स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं आणि पान मागून कसं पुसायचं ते शिकवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाग स्वच्छ झाली. इतकं हसले नव्हते मी कधी.

पण त्या दोन ओळी राहिल्याच होत्या. दहा-बारा दिवसांनी त्यांच्यावर फुलं आली. सबंध ओळी पांढऱ्या. भर उन्हात तो वास इतका गोड की मला मळमळायला लागलं. आत्याचे दीर आले, फुलं पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, बहार तं आलाच मनाव! अन् कुंपन बी जाळून टाकलं म्हन्तात तुमी?" ते मुद्दाम मोठ्याने बोलले. आत्या पाटातली माती सारखी करत राहिली. चार दिवसांत फुलं वाळून खाली पडली, आणि मी ती एका टोपल्यात गोळा करून नाल्यात नेऊन टाकली, कारण आत्याने ती रोज बघावीत हे मला सोसवेना.

बाबांची शाळा उघडायची वेळ झाली. मी जाणार नाही म्हणून सांगितलं. मी चूक केली होती, ती निस्तरायला मी राहणार. दमणीत बसायच्या आधी बाबा वाकून आत्याच्या पाया पडले. ते कधी कुणाच्या पाया पडत नसत. आत्या म्हणाली, "जा आता. पोरं वाट पाहून राह्यली असतीन तुयी, फजिती ऐकाले." बाबांनी खरंच ती फजिती वर्गात सांगितली. दर वर्षी सांगत, आणि त्यात सालदाराचं नाव घेत.

बागेला आता तीन बाजूंना तुटकं कुंपण आणि डोंगराकडे तर नुसती काळी जमीन. आम्ही पाळ्या लावल्या. पहाटे मी, दिवसा आत्या, रात्री सालदार. डबा बडवून माझे हात सुजले. एक रोही अगदी समोर येऊन उभा राहिला तेव्हा मी त्यालाही सालदाराचीच शिवी दिली. तो गेला. मृग लागला, आणि आत्याने स्वतःच्या हाताने पहिलं दारं फोडलं. मग वाट बघणं सुरू झालं. मी रोज सकाळी फांद्या तपासायची, आत्या तिकडे बघायचीसुद्धा नाही. तिची जेवणावरची वासना उडाली होती. एकदा ती मला म्हणाली, "तुमच्या घरी मले कोनती खोली देसाल व?" मी तिच्यावर ओरडले आणि मग घरामागे जाऊन रडले.

फुलं आली ती एका सोमवारी. ओल्या दोन ओळी सोडून, भाजलेली झाडं सोडून, बाकी सगळ्या बागेवर. हिरव्या फांदीवर पांढऱ्या कळ्या, दाटीवाटीने. पुढच्या दहा दिवसांत फुलांच्या देठाशी मोहरीएवढी फळं धरली, आणि ती गळली नाहीत.

दीर त्यानंतर आले. मी आणि आत्या बागेत पाणी वळवत होतो. एरवी ते धुरा ओलांडून, डोंगराकडचं फाटक ढकलून सरळ आत येत, झाडांमधून हिंडत, स्वतःच्या वावरात फिरावं तसे, आणि त्यांना कुणी काही म्हणत नसे. त्या दिवशी तर त्या बाजूला अडवायला कुंपणच नव्हतं. तरी ते पूर्वी जिथे फाटक होतं त्या जागेशी आले आणि थांबले. समोर नुसती उघडी जमीन. त्यांनी सगळी बाग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग पायातले जोडे काढले.

"वहिनी," ते म्हणाले, "येऊ काय आत?"

आत्याच्या हातात फावडं होतं. ती त्याच्यावर भार देऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिने काही घाई केली नाही. मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"या, भाऊजी," ती म्हणाली.